गाजर गवत

आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत भांगलायला येणाऱ्या काकूंची मनगटं एका पावसाळ्यात लाल होऊन फुटली. गाजर गवत! मी म्हणालो, "काकू, कडुलिंबाच्या पाण्यानं धुवा." त्या म्हणाल्या, "धुतलं की. पण उद्या परत त्यातच हात घालायचा न्हवं?"

बिब्बाही उततो. पण बिब्ब्याचं झाड ओळखून माणूस लांबनं जातो, गरजेला औषधही करतो. हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा दिसलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं, असं सांगतात. तो गहू आपणच खाल्ला, मग एकट्या गवताला शिव्या कशाला? उकरलेला बांध, पडीक रान, रस्त्याकडेचा मुरूम दिसला की ते उगवतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. जमीन उघडी पाडली ती आपणच.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी हातमोजे आणले तिसऱ्या वर्षी, तेही दुकानदारानं औषधाबरोबर फुकट दिले म्हणून. काकूंनी दोन दिवस घातले. "घामानं हात उबत्यात," म्हणून बांधावर ठेवले आणि उघड्या हातानं उपटायला लागल्या. मी बघत उभा राहिलो. संध्याकाळी हजेरी नेहमीएवढीच दिली.