टाच आणि लगाम

विलेपार्ल्याच्या पूर्वेला, हनुमान रोडच्या आतल्या एका गल्लीत एक चौकोनी कुटुंब राहत होतं. आजीला धरलं तर पंचकोनी. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. मुलांना स्वावलंबी करायचं, असं आईबाबांनी ठरवलं होतं. पार्ल्यात बहुतेक घरांतून हे ठरलेलंच असतं, त्यात नवल काही नाही.

ठरवणं सोपं होतं. धाकट्याला प्रबोधनकार ठाकरे क्रीडासंकुलात पोहायला घातलं, तेव्हा काठावरून "मार उडी, घाबरतोस काय!" असं बाबा ओरडायचे आणि त्याने गुडघे वाकवले की "अरे हळू, सांभाळून!" असंही तेच ओरडायचे. पोरगं काठावर कुडकुडत उभं राहायचं. मग घरी येऊन आईबाबा म्हणायचे, हा जरा भित्राच आहे. आजीचं मत वेगळं होतं, पण ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

थोरलीला घोड्याचं वेड होतं. जुहूच्या वाळूत दोरी धरून दहा पावलं नेतात आणि उतरवतात, ते तिला पुरत नव्हतं. म्हणून सुट्टीत माथेरान ठरलं. पार्ल्याहून दादर, तिथे गाडी बदलून कर्जत लोकलने नेरळ, आणि नेरळहून दोन फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला आणि माथेरान साहेबलोकांना माहीत झालं, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी ही रेल्वे आणली, एवढं बाबांनी जुम्मापट्टी स्टेशन यायच्या आत सांगून टाकलं. बाकीचा वेळ "बघ बघ, बाहेर बघ, केवढी दरी!" आणि "डोकं आत घे!" यात गेला. एकवीस किलोमीटरचा घाट दोनअडीच तास चढणाऱ्या गाडीत अशी वाक्यं किती वेळा म्हणता येतात, हे ज्याने मुलं घेऊन प्रवास केलाय त्याला सांगायला नको.

माथेरानात मोटारीला बंदी आहे. हल्ली ई-रिक्षा दिसतात, पण बरीच वर्षं माणसं, सामान, गॅसच्या टाक्या, सगळं तिथल्या लाल मातीतून घोड्यांनी आणि माणसांनीच वाहिलं. त्यामुळे तिथला घोडेवाला आणि चौपाटीवरचा घोडेवाला यांत फरक असतो. यांना भेटलेला घोडेवाला वयस्क होता, कमी बोलणारा. घोडाही वयस्क, बदामी रंगाचा. त्याने थोरलीला डाव्या बाजूने वर घेतलं, रिकिबी तिच्या पायांच्या मापाच्या केल्या, डोक्यावर शिरस्त्राण घातलं, आणि शार्लट तलावाकडे जाणाऱ्या सपाट रस्त्याला लागल्यावर दोरी सैल सोडून लगाम तिच्या हातात दिला.

"टाच लावली की चालंल. ओढलं की थांबंल. बास."

इथवर सगळं ठीक होतं. मग बाबा घोड्याच्या बाजूने चालायला लागले.

"मार टाच! घाबरू नकोस, मी आहे."

तिने टाच लावली. घोड्याने पाऊल टाकलं. पाऊल पडायच्या आत बाबा म्हणाले, "ओढ, ओढ, लगाम ओढ!" तिने ओढला. घोडा थांबला. "थांबवलास कशाला? मार टाच. पण लगाम सोडू नकोस हं, घट्ट धर. घट्ट! आता टाच!"

थोरली शहाणी मुलगी होती, आणि शहाण्या मुलांची हीच पंचाईत असते की ती सगळं ऐकतात. तिने टाचही लावली आणि लगामही ओढला. घोड्याने मान वर केली, कान मागे पाडले, एक पाऊल पुढे, दीड पाऊल आडवं, आणि मग जागच्या जागी खूर आपटत राहिला. थोरली रडकुंडीला आली. आई मागून म्हणाली, "उतर बाई खाली, नकोच ते."

"घोडा अडेल दिसतोय," बाबा म्हणाले.

घोडेवाल्याने लगामाला हात घातला. घोड्याच्या मानेवर थोपटलं. जनावर शांत झाल्यावर तो बोलला.

"अडेल न्हाई साहेब. त्याला दोन हुकूम एकदम मिळाले. याच्या अंगावर माशी बसली तरी कातडं थरारतं, मग टाच कळायची न्हाई व्हय? आणि ही कडी असते ना तोंडात, ती दात नसतात त्या जागी, हिरडीवर बसते. ओढली की दुखतं. पोटाला सांगायचं चल आणि तोंडाला सांगायचं थांब, मग जनावरानं करायचं काय? चांगला घोडा यानंच बिघडतो. मार खाऊन बिघडत न्हाई एवढा."

"पण ती पडली असती ना," बाबा म्हणाले.

"पडंल वाटतं तर टाच लावायला सांगू नका. आज न्हाई म्हणा, उद्या बघू म्हणा. पोर रुसंल, बाकी काय होत न्हाई. पण एकदा सांगितली, तर मग लगामाला हात लावू नका."

एवढंच. ही गोष्ट खरं म्हणजे इथेच संपायला हरकत नव्हती. पण ऐकलेलं आणि कळलेलं यात अंतर असतं, आणि घोडेवाल्याला ते ठाऊक असावं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बसा जरा."

बाबा बसले. पँट वर सरकली, रिकीब सापडेना, आणि वरून जमीन वाटली होती त्यापेक्षा बरीच खाली निघाली. घोडा हलला मात्र, बाबांनी दोन्ही पोटऱ्या त्याच्या बरगड्यांना गच्च आवळल्या आणि दोन्ही हातांनी लगाम छातीपर्यंत ओढून घेतला. कोणी काही सांगितलं नव्हतं. भीतीने शरीराने ते आपलं आपण केलं. घोडा मागे मागे चालू लागला.

थोरलीचं रडू थांबलं. धाकटा टाळ्या पिटत ओरडला, "बाबा टाच पण मारतायत आणि लगाम पण ओढतायत!"

"पाय सैल सोडा," घोडेवाला म्हणाला. "हात मानेपाशी न्या. आता तो बघा काय करतो."

घोड्याने काहीच केलं नाही. उभा राहिला, नाक फुरफुरवलं, आणि रस्त्याकडेच्या गवताला तोंड लावलं. उतरताना बाबा गप्प होते. थोरली पुन्हा बसली, आणि या वेळी बाबा वीस पावलं मागे, आईबरोबर चालले. त्यांचे हात खिशात होते. म्हणजे ते त्यांनी मुद्दाम खिशात घातले होते.

पार्ल्याला परतल्यावर घरात एक नवाच प्रश्न सुरू झाला. आई थोरलीला म्हणायची, "निबंध तुझ्या मनाने लिही." आणि तिसऱ्या ओळीला खोडरबर घेऊन शेजारी बसायची. थोरली वही बंद करून विचारायची, "आई, टाच की लगाम?" बाबा धाकट्याला खाली दूध आणायला पाठवायचे आणि गॅलरीत उभं राहून वाण्याला वरून हाका मारायचे. धाकटा खालून ओरडायचा, "बाबाऽऽ, टाच की लगाम?" सगळी इमारत ऐकायची.

मुलांच्या हातात असं हत्यार आलं की ती ते भाजी चिरण्यापुरतं थोडंच वापरतात! धाकट्याने ते दात घासण्यापासून झोपण्याच्या वेळेपर्यंत सगळीकडे चालवून पाहिलं. एकदा एस. व्ही. रोड ओलांडताना आईने त्याचं मनगट धरलं, तर मोठ्या ऐटीत त्याने विचारलं, "टाच की लगाम?"

"लगाम," आई म्हणाली. "पूर्ण लगाम. टाच अजिबात नाही." आणि त्याला ओढत पलीकडे नेलं.

तो निमूट गेला. नाही म्हटलेलं मुलांना चालतं, म्हणजे आवडत नाही पण कळतं. पूर्वीची धुसफुस होती ती दोन्ही एकदम म्हटल्याची. हे आईच्या लक्षात आलं ते त्या रस्त्याच्या मधोमध, आणि तिथे उभं राहून विचार करण्याची सोय नव्हती.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, ते राजमाचीला तंबूत राहायला गेले. लोणावळ्याहून जीपने अंग खिळखिळं करून घेत उधेवाडी गाठली. गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, अंगणात तंबू, एका घरी पिठलं-भाकरी. पाऊस तोंडावर आला की या रानात काजवे निघतात, झाडंच्या झाडं उघडझाप करतात, ते बघायला आता पुण्या-मुंबईहून गर्दी होते. तंबूच्या खुंट्या ठोकताना बाबांनी धाकट्याच्या हातातला हातोडा दोनदा मागितला आणि दोनदा परत दिला. एक खुंटी वाकडी गेली, ती तशीच राहिली.

रात्री जेवणं झाल्यावर धाकट्याला लघवीला लागली. संडास घरामागे, पंधरावीस पावलांवर. वाट मोकळी होती, घरातली माणसं पडवीत बसलेली होती.

"एकटा जाशील?" बाबांनी विचारलं.

धाकट्याने अंधाराकडे पाहिलं. "जाईन."

तो निघाला आणि बाबांनी बॅटरी पेटवली. प्रकाशाचा झोत त्याच्या पाठीवर. तो डावीकडे वळला, झोत डावीकडे. तो थबकला, झोत थबकून त्याच्या पायांभोवती फिरला, मग झुडपात, मग पुन्हा पाठीवर. धाकटा मागे वळून बघायला लागला. पडवीतले एक आजोबा म्हणाले, "बॅटरी इझवा ओ, काजवं गप होतात उजेडानं." आणि खरोखरच कुंपणाजवळच्या झाडावरचं चमचमणं विझलं होतं. नराने चमकायचं आणि मादीने ओळखायचं असा त्यांचा कारभार, त्यात आपली बॅटरी घुसली की सगळं ठप्प.

"बाबा," थोरली हळूच म्हणाली, "लगाम."

बाबांनी बॅटरी बंद केली. मग त्यांना काहीच दिसेना. पोरगंही नाही. आई उठायला लागली आणि त्यांनी तिचा हात धरला, किंवा तिने त्यांचा धरला, ते अंधारात नीट ठरलं नाही. लघवीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला. झाड पुन्हा चमकू लागलं तरी दोघांनी तिकडे पाहिलं नाही. ज्यासाठी एवढं लांब आले होते ते समोर चाललं होतं आणि दोघं संडासाच्या दिशेने डोळे फाडून बसले होते.

धाकटा आला. एका काजव्यापाशी थांबलो होतो म्हणाला.

"भीती नाही वाटली?" बाबांनी विचारलं.

"वाटली. पण बॅटरी बंद केलीस ना, मग कमी झाली."

"बंद केल्यावर कमी?"

"हो. आधी मला वाटत होतं, तुला तिथे काहीतरी दिसतंय."

बाबा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी बॅटरी थोरलीकडे देऊन टाकली.

या सगळ्यात आजी कुठे होती? आजी पार्ल्यालाच होती. तिने माथेरानची आणि राजमाचीची हकीकत तिखटमीठ लावून ऐकली, घोडा मागे चालला तिथे पोट धरून हसली, आणि घोडेवाला शहाणा माणूस आहे असं प्रशस्तिपत्रकही दिलं.

श्रावणात एका सकाळी तिने मुलाला हाक मारली. "अळूवड्या करते आज. बाजारातून पानं आण. तुझ्या मनाने बघून आण, एवढा चाळिशीचा घोडा झालायस."

बाबा पिशवी घेऊन निघाले. ते स्टेशनजवळच्या बाजारात पोचायच्या आत आजीचा फोन गेला, "काळ्या देठाची घे हं, वडीचं अळू." पाचेक मिनिटांनी दुसरा, "फाटकी नको, आणि दोन जुड्या घे. नाही, तीन घे." तिसऱ्यांदा तिने फोन उचलला तेव्हा धाकटा तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

"आजी, टाच की लगाम?"

आजीने त्याच्याकडे पाहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हसू लपवायला पदर नव्हता म्हणून ती सरळ आत वळली. आजीने फोन खाली ठेवला आणि चिंच भिजत घालायला गेली.

बाबा आले. पिशवीतून निघालं ते हिरव्या देठाचं, पातळ पानांचं अळू. म्हणजे भाजीचं. तीन जुड्या, टवटवीत आणि पूर्णपणे चुकीच्या. आजीने एक जुडी उचलली, देठ पाहिला, तोंड उघडलं. थोरली आणि धाकटा दोघंही तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"अगं," आजी आतल्या दिशेने म्हणाली, "हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत घाल. फदफदं करू आज."

"काही चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"वड्या उद्या करू," आजी म्हणाली. "उद्याही पानं तूच आण."