मैदानात न उतरण्याचा हक्क

खेळाडूने खेळावे आणि संघ कमिटीने निवडावा, ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्याबद्दल प्रश्न विचारणेही आगाऊपणाचे वाटते. भातकापणी आटोपली की उमेळ्यापासून विरारपर्यंत मोकळ्या खाचरांत टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. मंडळ वर्गणी गोळा करते, टी-शर्ट छापून घेते, पंचांच्या चहापाण्याचे बघते आणि कर्णधार कोण हेही तेच ठरवते. एखाद्या पोराने ‘का?’ म्हटले तर उत्तर तयार असते : ‘खेळायचे तर खेळ, नाहीतर घरी जा.’

या उत्तराकडे आम्हांला जरा थांबून पाहायचे आहे. कारण त्यात एक शक्यता नकळत मान्य केलेली आहे. खेळाडू खरोखर घरी जाऊ शकतो. आज्ञा देणाऱ्याचे सारे बळ समोरचा ऐकतो म्हणून असते. मग ‘मी खेळणार नाही’ असे म्हणणे ही बेशिस्त समजायची, की तोही एक हक्क आहे? आणि हक्क असेल तर त्याच्या अटी कोणत्या?

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके मराठी उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. मुंबईत तेव्हा चौरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान, असे चार संघ असत. हिंदू संघाचा कणा होते पालवणकर बंधू : बाळू, शिवराम, विठ्ठल. कोकणातल्या पालवण गावचे हे चांभार कुटुंब. बाळूंनी पुण्याच्या जिमखान्यात गोऱ्या साहेबांच्या सरावासाठी तासन् तास गोलंदाजी केली. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली तेव्हा पुण्यातल्या हिंदू संघानेही त्यांना घेतले. पण मैदानावर सोबत खेळणारे सहकारी पॅव्हेलियनमध्ये बसून कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू एकच असे, पण चहाची भांडी दोन असत. त्या काळच्या समाजाचे याहून नेमके चित्र आम्हांला ठाऊक नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या विजयात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. बाळू हेच त्या मानाचे धनी आहेत, हे तो मान ज्यांना मिळाला त्या एम. डी. पै यांनीही एका सत्कारात मोकळेपणाने सांगितले होते.

मग १९२० साल उजाडले. सामन्यांसाठी पै यांना कर्णधार नेमले गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. पुढे पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांचा हक्क बाजूला सारून कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि वर्तमानपत्रांतून निवेदन देऊन कारणही सांगितले. कर्तबगारी आणि ज्येष्ठता बाजूला ठेवून जात पाहिली जाते, हा आपल्या जमातीचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता. देशात असहकाराचे आणि खिलाफतीचे वारे वाहत असतानाच क्रिकेटच्या मैदानावरही एक असहकार घडला. फरक इतकाच की हा परक्या सरकारशी नव्हता, आपल्याच माणसांशी होता.

देवधर मोठ्या गुणांचे खेळाडू होते, हे येथे सांगितले पाहिजे. वाद त्यांच्या गुणांचा नव्हताच. वाद हा होता की निवड करताना कमिटीने कोणते माप वापरले. ‘ज्याला निवडले तो काय वाईट आहे?’ हा प्रश्न अशा प्रत्येक भांडणात विचारला जातो आणि प्रत्येक वेळी तो मूळ मुद्दा झाकतो. चांगल्या माणसाची निवडही अन्यायाने होऊ शकते.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. लोकमताचा दाब आला, समजुतीची बोलणी झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि दोघे भाऊ पुन्हा संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमतीत राहावा. मागितले होते त्याच्या मानाने हे थोडेच होते, पण भावांनी ते स्वीकारले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. पुढे विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रत्येक नाराज खेळाडू असा घरी बसू लागला तर संघ उरेल का? ज्याला संधी मिळाली नाही त्याला अन्याय दिसतोच. वर्गात मॉनिटर नेमला तरी चार मुलांची तोंडे उतरतात. कुणीतरी निर्णय घ्यायला हवा आणि बाकीच्यांनी तो पाळायला हवा, एरवी सामूहिक असे काहीच उभे राहत नाही. शिवाय न खेळण्याची किंमत न खेळणारा एकटाच मोजत नाही. बरोबरीचे खेळाडू, बदली म्हणून उभा केलेला कोवळा मुलगा, तिकीट काढून आलेला प्रेक्षक, या सगळ्यांना ती भरावी लागते.

आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा खेळ आहे. लाकडी काठीने चेंडू मारण्याचा हा खेळ तिथल्या एकेका परगण्याच्या अस्मितेचा विषय असतो आणि परगण्याच्या संघातून खेळणाऱ्यांना त्याचा पगार मिळत नाही. तिथल्या कॉर्क परगण्याच्या खेळाडूंनी २००२ साली आपल्याच मंडळाविरुद्ध संप केला. डॉक्टर, प्रवास, सरावाच्या सोयी अशा त्यांच्या मागण्या होत्या. मंडळ नमले आणि २००४ व २००५ साली कॉर्कने देशाचे अजिंक्यपद जिंकले. २००७च्या अखेरीस निवड समिती कुणी नेमायची यावरून दुसरा संप झाला आणि तो २००८ मध्ये लवादाने मिटला. त्यानंतर प्रशिक्षक नकोत म्हणून तिसरा झाला. दुय्यम संघ मैदानात उतरवावा लागला आणि २००९च्या मार्चमध्ये प्रशिक्षक जेरल्ड मॅकार्थी यांनी पद सोडले. खेळाडू जिंकले. मात्र २००५ नंतर २०२५ पर्यंत ते अजिंक्यपद कॉर्ककडे आलेले नाही. त्याला कारणे अनेक असतील, पण घरातल्या भांडणाने घर दुबळे होते हेही खोटे नाही. पहिला संप ऐकताना आपण सहज खेळाडूंच्या बाजूने असतो. तिसऱ्या वेळी मन थोडे चाचरते.

म्हणून हक्काला माप हवे. आम्हांला तीन मापे सुचतात. पहिले, नकार कशासाठी आहे? ‘मला का नाही?’ आणि ‘हा नियम सगळ्यांना सारखा का नाही?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मान मागतो, दुसरा न्याय मागतो. दुसरे, किंमत कोण मोजतो? विठ्ठल आणि शिवराम यांनी स्वतःचा वर्षभराचा सर्वांत मोठा सामना पणाला लावला, दुसऱ्या कुणाचा हिसकावून घेतला नाही. तिसरे, दार उघडले तर माणूस परत येतो का? नकाराचे भांडवल करणाऱ्याला तडजोड नकोच असते. पालवणकर परत आले.

हीच मापे कमिटीलाही लावावीत, कारण व्यवस्थापनही संप करते, फक्त त्याला संप म्हणत नाहीत. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथ हे भरात असलेले खेळाडू होते. बेशिस्तीचा ठपका ठेवून त्यांना दौरा अर्ध्यावर असताना मायदेशी पाठवून दिले गेले. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांचे पद खेळापेक्षा खजिन्याच्या जोरावर आले होते. पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्युमाँट यांच्या समितीने चौकशी केली आणि १९३७ साली जो अहवाल आला त्यात बोट कर्णधाराच्या कारभाराकडे वळले. लगेच त्या वर्षी चौरंगी सामन्यांचे पंचरंगी झाले, तेव्हा नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर आपल्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत म्हणून हिंदू जिमखान्याने संघच उतरवला नाही. ती स्पर्धा मुसलमानांच्या संघाने जिंकली. खुर्च्यांसाठी अकरा खेळाडूंचे वर्ष वाया गेले, पण त्याला बेशिस्त म्हटले गेले नाही. खेळाडूने नाही म्हटले तर बंड ठरते, कमिटीने म्हटले तर तो ठराव होतो.

१९८९ साली अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळल्याबद्दल क्रिकेट नियामक मंडळाने दिलीप वेंगसरकर, कपिल देव, मोहम्मद अझरुद्दीन यांच्यासह सहा खेळाडूंवर वर्षभराची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बंदी टिकली नाही. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की मंडळ खासगी संस्था असले तरी ते सार्वजनिक काम करते, म्हणून त्याला जाब विचारता येतो. माजी क्रिकेटपटूंची अधिकृत संघटना मात्र २०१९ साली उभी राहिली. तरीही सगळे सुरळीत झाले नाही. २०२३ साली देशाच्या नामवंत महिला कुस्तीगिरांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या साक्षी मलिकने त्याच वर्षी डिसेंबरात कुस्ती सोडली. आतले दरवाजे बंद असले की माणूस रस्त्यावर येतो.

आणि आमच्या मते खरे उत्तर इथेच आहे. नकाराचा हक्क हवा, पण तो वापरायची वेळ येऊ नये अशी रचना त्याहून अधिक हवी. अशी रचना आपल्याला नवीन नाही. जमातीच्या नमाजमध्ये इमामच्या आधी कुणी रुकूत जात नाही, याहून कडक शिस्त ती कोणती? पण तोच इमाम किरअतमध्ये अडखळला तर मागचा माणूस लुकमा देतो, रकातीत चुकला तर ‘सुब्हानअल्लाह’ म्हणून सावध करतो. चूक दाखवणारा मागच्या सफेतला गरीब मजूर असला तरी चालतो. इमामचा त्यात अपमान होत नाही आणि सफ मोडत नाही. शिस्त आणि टोकण्याचा हक्क एकाच नमाजमध्ये सुखाने नांदतात. टोकायला जागा असली की सफ सोडून जाण्याची पाळी येत नाही.

मशिदीत दिवसातून पाच वेळा आपण हे पाहतो. मशिदीबाहेरच्या आपल्या संस्थांत मात्र ते दिसत नाही. पालवणकरांची गोष्ट वाचून ‘हा त्यांचा जातीचा प्रश्न, आपल्यात सगळे बराबर’ असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या अंजुमन, जमात, शाळांच्या कमिट्या यांच्या नावांच्या याद्या एकदा शांतपणे वाचाव्यात. बिरादरी, घराणे, आखातातून आलेली देणगी यांची मापे तिथे चालत नाहीत काय? किती ठिकाणी बागवान, मन्सुरी, सलमानी कुटुंबातला हुशार मुलगा मेहनतीला पुढे आणि पदाला मागे असतो? किती कमिट्यांत एकही बाई नाही? चहाची भांडी आपण वेगळी ठेवली नाहीत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण खुर्च्या वेगळ्या ठेवल्या असतील तर तो अभिमान अर्धाच. पद ही अमानत असेल तर ती ज्याची त्याला पोचवली पाहिजे, आणि ‘तुम्ही ती का पोचवली नाही?’ असे विचारणाऱ्याला फितना पसरवणारा म्हणता येणार नाही.

शिक्षक म्हणून आम्हांला याची झळ जास्त लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो, आमच्या उर्दूत चाल-चलन. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ असे लिहिले जाते आणि व्यवहारात त्याचा अर्थ ‘त्रास दिला नाही’ एवढाच असतो. उलटून न विचारणारे मूल ते चांगले मूल, हे आपण पहिलीपासून शिकवतो. त्याचा परिणाम पुढे दोन तऱ्हांनी दिसतो. काही मुले मोठी होऊन कुठल्याही कमिटीपुढे मान खाली घालतात. काही मुलांना विरोध करायची रीतच माहीत नसते, मग ती पहिल्याच अपमानाला बॅट फेकून निघून जातात. कारण सांगून, सही करून, किंमत मोजून नाही म्हणणे, आणि न्यायाचा हात पुढे आला की परत येणे, हेही शिकवण्यासारखे आहे. विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२०च्या त्या निवेदनात नेमके हेच केले होते.

त्या वर्षी कमिटीने त्यांच्या वर्तणुकीपुढे बहुधा ‘बेशिस्त’ असाच शेरा मारला असता. आज तो शेरा कमिटीच्याच नावापुढे लिहिला जातो. आपल्या वर्गातल्या मुलांचे चाल-चलन लिहिताना आपण कोणाच्या नजरेने लिहितो, त्या वर्षीच्या कमिटीच्या की आजच्या, हे प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाने आणि प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याने ठरवायचे आहे.