न पेरलेले पीक

ज्या वस्तूच्या उत्पत्तीत आपला काडीइतकाही हात नाही, ती वस्तू आपण कोणत्या अधिकाराने भोगतो, आणि त्या भोगाला मर्यादा कोणी घालावयाची, हा प्रश्न पुष्कळ जुना आहे. परंतु जेवणाच्या पाटावर बसून तो सहसा कोणी विचारीत नाही. आमच्यापुढे तो पाटावरच उभा राहिला, आणि तोही एका क्षुद्र शिंपल्याच्या निमित्ताने. तेव्हा विवेचनाचा आरंभ त्या शिंपल्यापासूनच करणे बरे.

समुद्रकाठच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या सीमेपासून खाली, हिरवट झाक असलेले लांबट शिंपले दाटीवाटीने चिकटलेले असतात. गोव्यात त्यांना शिनाण्यो म्हणतात; मलबारात त्यांचे नाव कल्लुमक्काय, म्हणजे दगडावर लागलेले फळ. हे नाव मोठे समर्पक आहे. नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात, डोळ्यांना न दिसणारी पिल्ले काही आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात, आणि नशिबाने खडक भेटला तर रेशमासारखे चिवट धागे काढून त्याला घट्ट धरून बसतात. पुढे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांवर त्यांचा निर्वाह चालतो. त्यांना कोणी खत घालीत नाही, पाणी देत नाही, राखण करीत नाही. मनुष्य येतो तो केवळ कापणीला.

ही कापणी मात्र सोपी नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी व सायंकाळी ओहोटी फार खाली जाते; तेवढ्या दोन-तीन घटकांत, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, लाट पाठीवर घेत, लोखंडी सळईने एकेक घोस खरवडून काढावा लागतो. पाय घसरला तर खडकावरची कालवे सुरीसारखी कापतात.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दक्षिण गोव्यात असताना अशाच एका सकाळी एक प्रौढ बाई टोपली घेऊन खडकावरून वर येताना दिसली. टोपली अर्धीच भरलेली होती. आम्ही सगळ्या शिनाण्या मागितल्या, आणि लोभाने असेही म्हटले, "बाई, खाली खडक तर अजून भरलेला दिसतो, आणखी का नाही काढल्या?" तिने टोपली खाली ठेवली, आणि आम्हाला काही समजत नाही हे जाणून शांतपणे म्हणाली, "त्यो अजून ल्हान आसात. फुडल्या वर्सा."

त्या दिवशीचे जेवण आम्ही विसरलेलो नाही. शिंपले घासून, त्यांचे धागे ओढून काढून, वाफेवर ठेवले की ते आपण होऊन उघडतात. जो उघडत नाही तो टाकून द्यावयाचा. आत मादीचे मांस नारिंगी आणि नराचे दुधाळ पांढरे निघते. अर्धे आम्ही रव्यात घोळवून तळले, अर्ध्यांचे ओले खोबरे घालून सुके केले. समुद्राचा खारटपणा आणि खोबऱ्याचा गोडवा यांचा असा मेळ क्वचित जमतो. घरी परतल्यावर आम्ही ज्याला-त्याला त्या चवीचे वर्णन करून सांगितले, आणि तो खडक कोठे आहे हेही सांगितले.

येथूनच आमच्या अपराधाचा आरंभ होतो. दुसऱ्या वर्षी आमच्याबरोबर दोन स्नेह्यांची कुटुंबे आली. भाव दुप्पट झाला आणि आम्ही तो आनंदाने दिला. तिसऱ्या वर्षी त्या काठावर टोपल्या पुष्कळ होत्या, आणि त्यांत करंगळीच्या पेराएवढ्या शिनाण्याही होत्या. विकणारी बाई निराळी होती, तरुण होती. लहान का काढल्या, असे आम्ही तिला विचारले नाही. आम्ही पैसे दिले आणि खाल्ल्या. चव चांगलीच होती, एवढे कबूल केले पाहिजे. घास खाली उतरला. "फुडल्या वर्सा" हे शब्द मात्र उतरेनात.

आता प्रश्न असा की, यात दोष कोणाचा? कोणी म्हणेल, जेथे मालक नाही तेथे चोरी कसली? रोमन कायद्याने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ही सर्वांची सामाईक मानली होती. परंतु जे सर्वांचे ते राखावयाचे काम कोणाचेच नाही, ही त्या तत्त्वाची दुसरी बाजू होय. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हेच मांडले: सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवितो, लाभ त्याचा एकट्याचा आणि झीज सर्वांची, म्हणून शेवटी कुरणच नाहीसे होते. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावराने, स्पेनमधील पाटाचे पाणी अशी उदाहरणे घेऊन दाखविले की, लोक एकमेकांना ओळखत असले आणि नियम त्यांनी स्वतः केलेले असले, तर सामाईक धन शतकानुशतके टिकते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आमच्या त्या बाईने यांपैकी काही वाचलेले नसणार; परंतु तिच्या दोन वाक्यांत तो ग्रंथ सामावलेला होता.

दुसरा पक्ष म्हणेल, हा खटाटोप कशाला? खाणेच सोडा, निसर्गाला निसर्गावर सोपवा. हा पक्ष उदात्त दिसतो, परंतु तो मनुष्याला निसर्गाबाहेर उभा करतो, आणि वस्तुस्थिती तशी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीच्या मनुष्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांच्या कवच्या सापडल्या आहेत. म्हणजे हे फळ आपण शेतीच्या कितीतरी आधीपासून खात आलो आहोत. चिली देशात लास क्रूसेस येथे १९८२ च्या अखेरीपासून किनाऱ्याचा एक भाग माणसांना बंद करण्यात आला. अपेक्षा अशी वाटावी की तेथे शिंपले माजतील, झाले उलटे. तेथील लोक लोको नावाची एक मोठी समुद्री गोगलगाय खाण्यासाठी नेत असत. माणसे गेली, ती गोगलगाय वाढली, आणि तिने शिंपल्यांचा थर खाऊन टाकला! उलटपक्षी, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या संशोधकाने एका खडकावरून शिंपले खाणारे तारामासे सतत दूर केले. शिंपल्यांनी सारी जागा व्यापली आणि इतर जीव हुसकले गेले. १९६६ साली त्याने नोंदविले की पंधरा जातींपैकी आठच उरल्या. तात्पर्य, खाणारा हा खडकाचा वैरीच असतो असे नाही. कित्येकदा तो त्या संसारातील एक घटक असतो.

तर मग तारामासा निर्दोष आणि आम्ही दोषी, असे का? आमच्या मते भेद येथे आहे. तारामाशाला संयम ठाऊक नाही, परंतु त्याला मर्यादा आहेत: त्याचे पोट, त्याची मंद गती, आणि पाणी ओसरले की कोरडे पडण्याचे भय. पूर्वी मनुष्यालाही अशाच मर्यादा होत्या. ओहोटीची घटका संपे, टोपली जड होई, माल दुपारपर्यंत नासे. पावसाळ्यात समुद्र खवळे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. त्या काळच्या माणसांना आपण संयमी म्हणतो. वास्तविक त्यांच्या संयमाचा पुष्कळ भाग समुद्रच पाळून घेत होता. आज बर्फ आहे, मोटार आहे, आणि दूर शहरात बसून हवा तेवढा भाव देणारे आमच्यासारखे खाणारे आहेत. बाहेरच्या मर्यादा एकेक गळून पडल्या. त्यांच्या जागी आत काही उगवले नाही. ईशावास्योपनिषद भोगाचा निषेध करीत नाही, त्यागाच्या अंगाने भोगावे असे सांगते. या उपदेशाची गरज ज्याला सर्व काही मिळू शकते त्यालाच खरी आहे. ज्याच्या हाताला काही लागत नाही त्याला तो ऐकविणे ही थट्टा होईल.

शिंपल्यांची शेती हा तिसरा उपाय सुचविला जातो, आणि तो टाकाऊ नाही. केरळात खाऱ्या खाजणांत दोरांवर शिंपले वाढवून कित्येक स्त्रियांनी संसाराला हातभार लावला आहे. परंतु त्या दोरांना बांधावयाचे बीज बहुतांशी त्याच रानटी खडकांवरून आणावे लागते. म्हणजे शेती झाली तरी न पेरलेल्या पिकाचे ऋण फिटत नाही, ते फक्त नजरेआड होते.

येथे एक आक्षेप आम्हाला स्वतःलाच टोचतो. त्या तरुण बाईच्या घरी कदाचित त्या दिवशीचे तांदूळ त्या लहान शिनाण्यांवर अवलंबून असतील. आमचे तत्त्वज्ञान भरल्या पोटाचे आहे. तिने थांबावे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु यावरूनच हेही ठरते की संयमाचा भार प्रथम घेणाऱ्यावर पडतो, काढणारीवर नाही. काढणारीला लहान शिंपल्याचे पैसे मिळतात म्हणून ती तो काढते. ते पैसे आम्ही देतो. मोठ्या शिंपल्याला आम्ही न घासाघीस करता अधिक दिले आणि लहानाला हात लावला नाही, तर तिचे तांदूळही चुकत नाहीत आणि खडकही उघडा पडत नाही. हा मार्ग आम्हाला त्या तिसऱ्या वर्षीही मोकळा होता. आम्ही तो धरला नाही, कारण सुट्टीचे दोनच दिवस उरले होते आणि जिभेला उशीर सोसत नव्हता. नीतीचे पुष्कळसे पराभव इतक्याच लहान कारणांनी होतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या काठावर गेलो. पूर्वीची ती प्रौढ बाई भेटली नाही. तिच्याविषयी विचारण्यास आम्हास संकोच वाटला. खडकावर बोटभर लांबीच्या शिनाण्यांचा पातळ थर दिसत होता. एका मुलाने मूठभर काढून आणल्या आणि घ्याल का म्हणून विचारले. आम्ही त्याच्याकडून शेजारच्या टोपलीतील तिसऱ्या घेतल्या, आणि शिनाण्यांविषयी एवढेच सांगितले की, पुढल्या वर्षी. तो हसला. त्याला आमचे म्हणणे पटले की शहरी माणसाचा विक्षिप्तपणा वाटला, कोण जाणे. खडकाला काय वाटले ते पुढल्या ओहोटीला कळेल.