वरच्या वर्गाचे तिकीट

आमच्या कमलनगरवरून विकाराबाद-परळी रेल्वेमार्ग जातो. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग काढला. नाव दुसरा वर्ग झाले, गर्दी मात्र हटली नाही. विमानात तर मधला पडदाच आहे. निव्वळ सहलीसाठी बिझनेस क्लासचे कितीतरी पट भाडे द्यावे काय? पोहोचण्याची वेळ सर्वांची एकच. रात्रभराच्या प्रवासात आडवे निजता येते, हे खरे. गुडघे धरलेल्या वृद्ध आईसाठी दिलेल्या पैशास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. धडधाकट माणसाने मात्र स्वतःस विचारावे, आपण झोप विकत घेतो की पडदा? झोप असेल तर खुशाल घ्यावी. पडदा असेल, तर त्याच पैशात सासूबाईंनाही सहलीस नेता येईल.