तपासणी कुणाची?

26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट हे दोन दिवस असे आहेत, की आपण दुबईत असो, शारजात असो की अबुधाबीत, मनाने तिकडेच असतो. मुलांच्या हातात छोटे तिरंगे येतात, गाणी लागतात, सैनिकांच्या आठवणीने डोळ्यांच्या कडा ओलावतात. यात ढोंग काहीच नसतं. पण या दोन दिवसांत जे वाटतं, त्याचं उरलेल्या 363 दिवसांत काय होतं? सीमेवर हात किंवा पाय गमावून घरी आलेल्या जवानाला आपण, म्हणजे समाज आणि सरकार, काय देणं लागतो? आणि ते दिलं गेलं की नाही, हे बघायचं कुणी?

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे. ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हटल्याशिवाय नाव पुरं होत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. अशा मुलखात वाढलं की फौजी हा परका राहत नाही. तो कुणाचा तरी काका, कुणाचा तरी भाऊ असतो. पुढे नोकरीनिमित्त आखातात आलो आणि बरीच वर्षं अंतर्गत लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिट, हेच माझं काम झालं. त्यामुळे फौजींबद्दलचा जिव्हाळा आणि हिशेब बघायची खोड, या दोन्ही चष्म्यांतून मी या प्रश्नाकडे बघतो.

कागदावर पाहिलं तर आपल्या देशाने हात आखडता घेतलेला नाही. केंद्र सरकारच्या थेट भरतीत माजी सैनिकांसाठी गट ‘क’मध्ये 10 टक्के आणि गट ‘ड’मध्ये 20 टक्के जागा राखीव आहेत. सरकारी कंपन्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांत हेच प्रमाण 14.5 आणि 24.5 टक्के. त्यातले 4.5 टक्के दिव्यांग माजी सैनिक आणि लढाईत कामी आलेल्या जवानांचे आश्रित यांच्यासाठी. शिवाय 1979 च्या केंद्रीय नियमांत एक फार शहाणी तरतूद आहे. माजी सैनिकाच्या राखीव जागेवर सर्वसाधारण उमेदवार घ्यायचा असेल, तर नुसतं ‘कोणी मिळाला नाही’ म्हणून भागत नाही. पुनर्वसन महासंचालनालयाकडे विचारणा करायची, उमेदवार नसल्याचा दाखला नोंदवायचा, केंद्र सरकारची मंजुरी घ्यायची आणि मगच ती जागा दुसऱ्याला द्यायची. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता!

आता प्रत्यक्ष पाहू. 30 जून 2021 ची या महासंचालनालयाकडची आकडेवारी वर्तमानपत्रांत आली होती. केंद्रीय खात्यांतल्या गट ‘क’च्या एकूण कर्मचाऱ्यांत माजी सैनिक 1.29 टक्के आणि गट ‘ड’मध्ये 2.66 टक्के. आरक्षण नव्या भरतीतल्या जागांवर असतं आणि हे आकडे एकूण कर्मचाऱ्यांचे आहेत, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणं बरोबर नाही. तरी अंतर केवढं आहे हे दिसतंच. पण माझ्यातल्या ऑडिटरची झोप या टक्क्यांनी उडाली नाही. ती उडाली दुसऱ्याच आकड्याने. 77 पैकी फक्त 34 खात्यांनी माहिती दिली होती. उरलेली 43 खाती गप्प.

कमी आकडा म्हणजे अपयश, आणि अपयशाला कारणं असू शकतात. आकडाच न देणं म्हणजे ‘हे विचारणारे तुम्ही कोण?’ असं सांगणं. एखाद्या कंपनीच्या निम्म्याहून अधिक शाखांनी वर्षाचा हिशेबच पाठवला नाही, तर कुठला मालक तो ताळेबंद मान्य करील?

कार्यालयांचं ठरलेलं उत्तर असतं, की लायक उमेदवार मिळत नाहीत. ते सरसकट उडवून लावू नये. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. जखमी झालेला तर त्याही आधी घरी येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी वर्षानुवर्षं करणाऱ्या पोरांपुढे त्याने बसायचं म्हणजे अवघडच. रिकाम्या खुर्चीचा त्रास शेवटी जनतेला होतो, हेही खरं. म्हणून वाटेल त्याला घ्या, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की लायक माणूस मिळत नसेल तर तो शोधला कुठे आणि त्याला तयार करायला काय केलं, याची नोंद दाखवा. आपल्या पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना नवा धंदा शिकवण्यासाठी ही संस्था सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी जे सुचलं, ते आज सुचायला हरकत नसावी.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे तपासणी होतच नाही असं नाही. ती भरपूर होते, पण उलट्या बाजूची. आमच्या नात्यातले एक काका सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखालचा पाय गमावून परतले आणि एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले. दाखला फौजेचा, सही-शिक्क्यानिशी. तरी पुन्हा नवीन फॉर्म, नवीन तपासणी, नवीन रांग. काका हसत म्हणायचे, “पाय पुन्हा उगवला की काय, ते बघायला बोलावतात!” आणि त्यांना टेबल मिळालं होतं दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. काकांच्या पायाची तपासणी कितीदा तरी झाली, त्या जिन्याची एकदाही झाली नाही.

दिव्यांग प्रमाणपत्रांवरून 2024 मध्ये केवढा गदारोळ झाला, तो आपण इथे बसूनही वाचला. खोटा दाखला घेऊन कोणी जागा लाटली, तर तो खऱ्या माणसाच्या ताटातला घास काढतो. तेव्हा दाखले जरूर तपासावेत. पण ही अर्धीच तपासणी झाली. ज्याने शब्दाखातर शरीर दिलं, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पुरावा मागायचा, आणि ज्याने नोकरीचा शब्द दिला त्या कार्यालयाकडे एकदाही नाही, याला न्याय म्हणत नाहीत. व्यवहारात पुरावा देणेकऱ्याने द्यायचा असतो, की कर्ज फेडलं. इथे घेणेकरीच आयुष्यभर पावत्या दाखवत फिरतो. उपकार समजून दिलं की असंच होतं. उपकाराचा हिशेब कोणी मागत नाही, कर्जाचा मागता येतो. म्हणून मला वाटतं, की देखरेख ही कोरडी कारकुनी बाब नाही. आपण हे देणं कर्ज मानतो की दान, हे तिच्यावरूनच कळतं.

ही देखरेख भरतीच्या दिवशी संपूनही चालत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हे जाणतो. दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवा, तक्रार निवारण अधिकारी नेमा, सोयी द्या, असं तो कार्यालयाला सांगतो. नेमलेल्या माणसाला जिना चढता येतो का, बढती वेळेवर मिळते का, तो दोन वर्षांत कंटाळून सोडून तर गेला नाही ना, हे बघितल्याशिवाय ‘जागा भरली’ या शेऱ्याला अर्थ नाही. ब्रिटनने 1944 मध्ये कायदा करून वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना तीन टक्के दिव्यांग घेण्याचं बंधन घातलं. अर्धं शतक तो कायदा पुस्तकात होता. खटले मात्र अगदी मोजके झाले, आणि शेवटी 1995 च्या नव्या कायद्याने तो कोटाच गेला. टक्का लिहिणं सोपं, त्याच्या मागे लागणं अवघड, हे तिथेही दिसलं.

कोणी म्हणेल, वीराला असं आकड्यात बसवणं म्हणजे त्याचा अपमानच. मला तसं वाटत नाही. फौजेत प्रत्येकाला नंबर असतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तुकडी गस्तीहून परतली की आधी माणसं मोजतात. एक जरी कमी भरला तर शोधायला निघतात. तिथे मोजणं म्हणजे कोणालाही मागे न सोडणं. नागरी कार्यालयांनी एवढंच त्यांच्याकडून शिकावं.

न मोजल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री आली 2018 मध्ये आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार 2025 च्या जानेवारीत. सुवर्णपदक विजेत्याची आठवण यायला एवढी वर्षं लागतात, तर ज्याच्याकडे पदक नाही त्याने कोणाकडे बघावं?

आपण राहतो त्या अमिरातीत 2017 पासून दिव्यांगांना ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’, निश्चयी माणसं, म्हणतात. आपल्याकडेही ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलं. शब्द बदलले हे चांगलंच झालं. पण शब्द बदलायला एक परिपत्रक पुरतं. जिना आणि नोंदवही बदलायला कोणीतरी दरवर्षी जाऊन विचारावं लागतं.

ते आपण विचारू शकतो. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही तो आहे. यंदा सुट्टीत गावी जाल, तेव्हा आपल्या ओळखीच्या एखाद्या माजी सैनिकाबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चहापुरतं तरी जाऊन या. आणि एका सरकारी कार्यालयाला एका अर्जात तीनच प्रश्न विचारा. दिव्यांग माजी सैनिकांसाठी जागा किती होत्या? भरल्या किती? आणि भरलेल्यांपैकी आज कामावर किती आहेत? उत्तर नाही आलं, तर अपील करता येतं. चिकाटीला आपण मराठी माणसं कमी नाही!