चौथ्या आवर्तनातली रिकामी सम

1969 साली अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या बँडची एक तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूला ‘कलर हिम फादर’ हे गाणं होतं आणि मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना. या रचनेत मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटाच ड्रम वाजवतो. चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. पहिली दोन सरळ जातात. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक घाव अंमळ उशिरा पडतो आणि चौथ्यात समेची जागा चक्क रिकामी राहते. आपल्याकडच्या एखाद्या तबलजीने ऐकलं, तर इथे मान हलवेल.

हे सात सेकंद पुढे सॅम्पलिंगने, म्हणजे ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरण्याच्या रीतीने, हजारो गाण्यांत गेले. 1988 च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या रॅप गाण्यात ते आहेत, आणि इंग्लंडमधलं ‘जंगल’ नावाचं नृत्यसंगीत तर बरंचसं त्यांच्यावरच उभं राहिलं.

मग ही चोरी म्हणायची का? 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हो म्हटलं. खटला वेगळा होता, प्रश्न तोच. रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्यातला तुकडा परवानगीविना वापरला होता. न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. बिझ मार्कीच्या पुढच्या अल्बमचं नाव होतं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’, म्हणजे सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे! टोमणा बरोबर बसला.

पण चोरी म्हटली की मूळ मालक दाखवावा लागतो. ‘आमेन, ब्रदर’चा माग मागे काढला, तर 1964 मध्ये ‘द इम्प्रेशन्स’ने गायलेलं ‘आमेन’ लागतं, त्याआधी जेस्टर हेअरस्टन यांनी 1963 च्या एका सिनेमासाठी बांधलेलं रूप, आणि त्याही मागे कृष्णवर्णीयांची चर्चमधली गाणी. तिथे मालकाचा पत्ताच नाही. जो गाईल त्याचं.

मग मालकी सांगायची तरी नेमकी कशाची? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? यातलं एकेक रथ नव्हे. जुळणीला आपण ते नाव देतो. सॅम्पलिंग करणारा नेमकी ही जुळणीच मोडतो. सात सेकंदांचे बारीक तुकडे करतो, क्रम उलटासुलटा करतो, वेग वाढवतो. तरीही सरावलेला कान लगेच ओळखतो, हा कोलमन! सुट्या चाकावरून रथ ओळखू यावा, तसा. कारण त्या तुकड्यात हाताचं वजन आहे, झांजेचा खरखरीत नाद आहे, नोटेशनमध्ये उतरत नाही असं बरंच काही.

म्हणून इथे चोरीपेक्षा ऋण हा शब्द जास्त नेमका वाटतो. ऋणाला मूळ मालक सापडायची गरज नसते, मात्र ते फेडावं लागतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे हक्क होते, तरी या तुकड्याचं मानधन त्याला मिळालं नव्हतं. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सुमारे 24,000 पौंड दिले. कोलमन तोवर उरला नव्हता. तो 2006 मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला. कायदा अक्षरशः पाळला गेला असता, तरी पैसे हक्कधारक स्पेन्सरकडेच गेले असते. ज्याने ती सम रिकामी सोडली, त्याच्यासाठी त्या हिशेबात रकानाच नव्हता.