पिंगलेची मध्यरात्र

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपण अवधूतांच्या चोवीस गुरूंची आठवण काढतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला सांगितलेली ही गुरुमालिका. पृथ्वी, वायू, आकाश ही नावं घेताना आपण रमतो. पतंग, हत्ती आणि पिंगला आले, की मात्र जरा घाईनं पुढं सरकतो. आज मला तिथंच थांबायचं आहे. विषय आहे मोबाईलवर पाहिल्या जाणाऱ्या अश्लील चित्रफितींचा, आणि त्या पाहिल्याशिवाय ज्याला राहवत नाही त्या माणसाचा.

"सणासुदीला हे कशाला, बुवा?" असं कुणी म्हणेल. अहो, पूर्वी हे पाहायला घराबाहेर जावं लागायचं, कुणी बघेल ही भीती असायची. आता ते उशाशी आलं आहे. आणि ही फक्त तरुण पोरांची गोष्ट आहे, असं समजू नका.

पतंग रूपाला भुलून दिव्यावर झेप घेतो. हत्ती हत्तिणीच्या स्पर्शाच्या ओढीनं बांधला जातो. तिथंच संन्याशाला बजावलं आहे, की लाकडाच्या स्त्रीप्रतिमेलाही पायसुद्धा लावू नकोस. म्हणजे मोहाला समोर जिवंत माणूस लागत नाही, हे तेव्हाच ओळखलेलं होतं. आज लाकडाच्या जागी काच आली, एवढंच.

पण या रोगाचं खरं वर्म पिंगलेच्या कथेत आहे. विदेहनगरीतली ही गणिका. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. एक पुरुष आला, गेला. तिला वाटलं, पुढचा येईल, तो जास्त धन देईल. तोही गेला. ती आत जायची, पुन्हा बाहेर यायची. झोप उडाली, मध्यरात्र झाली, तरी "आणखी एक" ही आशा सुटेना.

आता मोबाईल घेऊन जागणाऱ्या माणसाकडे बघा. एक चित्रफीत झाली, मन भरत नाही. पुढची बरी असेल. मग तिच्या पुढची. काल जे पुरलं ते आज पुरत नाही, अधिक भडक लागतं. ठरवलेलं असतं दहा मिनिटं, आणि वाजतात तीन. शरीर थकतं, सकाळी पूजेला बसलं की डोळे मिटतात, बायकोशी बोलणं तुटतं, तिच्याजवळ असूनही मन पडद्यावरच्या खोट्या देहांत अडकतं. मग स्वतःची किळस येते. ती किळस विसरायला माणूस पुन्हा तिथंच जातो. हे चाक असं फिरतं.

आणि पडद्यापलीकडच्या बाईचं काय? कुणी पोटासाठी आलेली असते, कुणाला फसवून आणलेलं असतं, कुणाचं चित्रण तिला न विचारताच पसरवलेलं असतं. समाजानं जिला फक्त देह मानलं, त्या पिंगलेला अवधूतांनी गुरू म्हटलं. आपण दत्तभक्त म्हणवतो, तर पडद्यावरच्या बाईतही जीव आहे, हे आधी मानलं पाहिजे.

मागे एका सप्ताहात प्रवचन संपल्यावर साठी ओलांडलेले एक गृहस्थ थांबले. गुरुचरित्राची पारायणं करणारे, पत्नी वारलेली. सगळे गेल्यावर खाली मान घालून म्हणाले, "बुवा, दिवसा पोथी आणि रात्री हे. किती माळा केल्या म्हणजे सुटेल?" त्यांच्या परवानगीनंच हे लिहितो आहे.

मी म्हटलं, "काका, माळ सोडू नका. पण साखर वाढली तर तुम्ही नुसती माळ ओढता का? गोळीही घेताच ना? मग इथं डॉक्टरची लाज का?"

जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याची नोंद आजार म्हणून आहे. सहा महिने किंवा अधिक काळ माणसाला स्वतःला आवरता येत नाही, संसार, काम, तब्येत बिघडत असूनही थांबता येत नाही, तेव्हा तो आजार समजतात. त्याच यादीत हेही म्हटलं आहे, की नुसतं 'मी पापी' असं वाटून होणारा त्रास म्हणजे हा आजार नव्हे. म्हणून निदान आपणच करू नये, जाणत्याला करू द्यावं.

मदत कुठं मिळते, तेही सांगतो. भारत सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मोह कोणत्या वेळी येतो, एकटेपणात की चिंतेत, हे तिथं बोलून शोधतात. सोबत उदासीनता असेल तर औषध देतात. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ते तुमची लाज विकून पैसे करतात.

ते काका डॉक्टरांकडे गेले. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवू लागले. मधूनच पाय घसरतो, असं सांगतात. पण आता लपवत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहतात.

यावरून गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवतो. अंगावर कुष्ठ, लोक तोंड पाहायला तयार नाहीत. तो गाणगापुरी येऊन श्रीगुरूंपुढे आपलं दुःख उघड बोलला. गुरूंनी औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं आणि रोज पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, त्यानं पाणी घालणं थांबवलं नाही. शेवटी लाकडाला पालवी फुटली. पिंगला एका रात्रीत सुटली. आपल्यातले बहुतेक जण नरहरी आहेत. रोज तांब्याभर पाणी घालावं लागतं, आणि सुरुवात दुःख उघड बोलण्यानं होते.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. नातवाच्या फोनमध्ये असं काही दिसलं तर चारचौघांत त्याची अब्रू काढू नका, मारू नका. एकट्याला जवळ बसवा, "बाळा, सुटत नाही का?" एवढंच विचारा. आणि "लग्न लावून दिलं की सुटेल" हे तर कधीच म्हणू नका. लग्न हा या रोगाचा उपाय नाही. त्यानं परक्या घरची एक लेक विनाकारण होरपळते. ज्या सुनेला नवऱ्याचं हे कळलं, तिला "तूच कमी पडलीस" म्हणू नका. त्यात तिचा दोष नाही.

पिंगलेनं ज्या क्षणी "आता पुढचा नको" म्हटलं, त्या क्षणी ती आत गेली आणि शांत झोपली. कथेचं फळ तेवढंच सांगितलं आहे: सुखाची झोप. या जयंतीला पाळणा हलवताना, आपल्या घरात अशी झोप कुणाची उडाली आहे, याचा विचार करू या. आणि तो बोलायला आला, तर दार लावून घेऊ नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!